एसटीतलं वय

आमच्या धंद्यात ज्याची कोणाला आठवणच राहत नाही, तो चांगला कामगार. सर्जनचं नाव माणूस जन्मभर घेतो. "अमक्या डॉक्टरांनी पोट फाडलं, देवमाणूस!" आणि भूल कोणी दिली? "होत्या कोणी एक बाई. सुई टोचली, पुढचं काही आठवत नाही." अहो, पुढचं आठवू नये म्हणूनच तर मला बोलावलं होतं!

मी नागपुरात आयुष्यभर भुलीचं काम केलं, तेही फिरतीवर. बाहेरच्यांना हे सांगावं लागतं, कारण लोकांना वाटतं प्रत्येक दवाखान्यात भूल देणारा डॉक्टर पगारावर ठेवलेला असतो. छोट्या नर्सिंग होमला ते परवडत नाही. मग सर्जन फोन करतो, "उद्या आठला या, एक हर्निया आहे," आणि आमच्यासारखे आपली बॅग ॲक्टिवावर टाकून धंतोली, तिथून रामदासपेठ, तिथून सक्करदरा असे दिवसभर हिंडतात. पेशंटची नि आपली पहिली भेट ऑपरेशनच्या अर्धा तास आधी. तेवढ्या वेळात हा माणूस कोण, त्याचं हृदय कसं, फुफ्फुसं कशी, हे ओळखायचं आणि मग त्याचा श्वास आपल्या हातात घ्यायचा. भूल म्हणजे झोप नव्हे. झोपलेल्या माणसाला श्वास घ्यायला सांगावं लागत नाही, भूल दिलेल्याला लागतं.

आणि या अर्ध्या तासात लोक खोटं बोलतात. देवासमोर बोलणार नाहीत इतकं आमच्यासमोर बोलतात. उपाशीपोटी या म्हटलं, की "पाणीसुद्धा नाही प्यायलो." एका आजीबाईंना मी विचारलं, "काही खाल्लं का?" म्हणाल्या, "काहीच नाही वं माय. सकाळी थोडेसे पोहे खाल्ले फक्त." मी म्हटलं, "तर्री घालून?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "आता पोहे म्हटल्यावर तर्री नको काय?" ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. पोट भरलेलं असताना भूल दिली तर ते सगळं वर येतं आणि फुफ्फुसात जातं, हे त्यांना समजावताना माझा घसा बसला. पुरुष दारूबद्दल खोटं बोलतात. बायका वय कमी करून सांगतात. याची मला सवय होती, मी मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी करून घ्यायची. पण पोराचं वय वाढवून सांगणारा बाप मी एकदाच पाहिला. तो प्रसंग आठवला की अजूनही माझ्या तोंडचं पाणी पळतं.

त्या सकाळी धंतोलीत सुधाकरकडे केस होती. सुधाकर माझ्या बॅचचा, हात सोन्याचा, जीभ तिखट. फोनवर त्यानं सांगितलं होतं, "पोरगा आहे चौदा वर्षांचा, उमरेडचा. दोन्हीकडे छाती वाढलीय. छोटं काम आहे, तासाभरात मोकळे होऊ."

यात नवल काही नव्हतं. वयात येताना पुष्कळ मुलांच्या छातीत गाठ येते, दुखते, फुगते. मुलं लाजेनं मरतात, आया घाबरतात, आणि बहुतेकांचं आपोआप जिरून जातं. नाही जिरलं तर आतली गाठ काढून टाकतात. मी अशा कितीतरी मुलांना भूल दिली होती.

खोलीत गेले तर पोरगा कॉटवर पाय हलवत बसला होता. नाव हर्षल. ओठावर मिसरूड, कपाळावर मुरमं, खांदे बापाएवढे. शर्ट काढायला सांगितला तर त्यानं आईकडे पाहिलं. आईनं, तिचं नाव वर्षा, पुढं होऊन त्याची बटणं काढली. आत छातीभोवती जुनी ओढणी घट्ट गुंडाळलेली. ती सोडली तर खाली कातडीवर लाल वळ उठलेले, आणि वाढलेली छाती, चांगली दिसेल अशी.

"रोज बांधतेस का गं ही?"

"शाळेत जाताना बांधा लागते मॅडम. पोट्टे चिडवते त्याले."

आमची एक पद्धत असते, भूल द्यायच्या आधी तोंड उघडून बघायचं. नळी घालायला जागा आहे का, एखादा दात हलतोय का, हलता दात नळीच्या धक्क्यानं पडून श्वासनलिकेत गेला तर पंचाईत. मी टॉर्च मारला. "आ कर."

त्यानं आ केला आणि मी टॉर्च तसाच धरून उभी राहिले.

आत दुधाचे दात होते. दाढा दुधाच्या, सुळे दुधाचे, आणि त्यातला एक सुळा हलत होता. तो जिभेनं ढकलून दाखवत, घोगऱ्या, फुटलेल्या आवाजात मला म्हणाला, "मॅडम, हा पडला तं चालते काय?"

वर मिसरूड आणि खाली दुधाचे दात! मी इतकी वर्षं लोकांच्या तोंडांत डोकावले, असं तोंड पाहिलं नव्हतं.

"कितवीत आहेस रे तू?"

"तिसरीत."

"नापास झालास का?"

"नाही ना जी!" त्याला चांगलाच राग आला. "माह्या पहिला नंबर आला."

मी त्याच्या बापाला बोलावलं. नरेश नाव, उमरेडला वेल्डिंगचं दुकान, हाताला जळल्याचे डाग. "वय किती म्हणालात पोराचं?"

"चौदा," तो पटकन म्हणाला.

"दुधाचे दात आहेत त्याला. मला शिकवता का? खरं सांगा."

वर्षा हळूच म्हणाली, "आठ पुरे झाले मॅडम, दिवाळीच्या मागं."

आठ! आठ वर्षांच्या लेकराला चौदाचं समजून मी औषधं भरायला घेणार होते. "अहो, मग चौदा काहून सांगितलं?" माझ्या तोंडून नागपुरीच निघाली.

नरेशनं मान खाली घालून जे सांगितलं ते ऐकून हसावं की रडावं कळेना. उमरेडहून नागपूरला एसटीनं यायचं. आठ वर्षांच्या पोराचं तिकीट अर्धं. "कंडक्टर मानतेच नाही ना जी. म्हणे, मिशीवाल्याचं हाफ तिकीट? सारी गाडी हासते. आधार कार्ड दाखवलं तं म्हणे तारीख खोटी टाकली. एक डाव तं मधातच उतरवून देल्लं आमाले. पोट्टा लय रडला. तवापासून मी फुलच घेतो. कोणी विचारलं का चौदा सांगतो. आता तोंडातच बसलं ते. इथं काउंटरवरच्या पोरीनं विचारलं तं चौदाच निघालं."

म्हणजे भांडण टाळायला एसटीत सांगितलेलं वय दवाखान्याच्या कागदावर चढलं होतं, आणि तेच वय पाहून सुधाकर निर्धास्त होता. चौदाच्या मुलाची छाती वाढली तर ती वयाची गोष्ट. आठाच्या मुलाला मिशी आणि छाती दोन्ही आली, तर आत काहीतरी मोठं बिघडलंय.

मी केसपेपर पाहिला. बीपी एकशे दहा-सत्तर. मंदाताई, तिथल्या जुन्या सिस्टर, त्यांना विचारलं, "हा बीपी तुम्हीच घेतला ना?"

मंदाताई म्हणाल्या, "मॅडम, मशीनच बिघडलं आहे जी. दोनदा घेतला, लय जास्त दाखवून राहिलं. पोट्ट्याचा बीपी एवढा थोडीच राहते? मंग मी नॉर्मल लिहून देल्ला."

बाप्पा! पण मंदाताईंवर काय ओरडणार? लहान मुलाचा बीपी आपल्याकडे मोजतो कोण? वजन करतात, ताप बघतात, जीभ बघतात. पट्टा दंडाला लावायचं कोणाच्या मनातच येत नाही, आणि लावला आणि आकडा मोठा आला, तर चूक मशीनची.

माझ्या बॅगेत माझं जुनं पाऱ्याचं यंत्र होतं. सगळे हसायचे मला त्यावरून. पट्टा बांधला, कानाला नळ्या लावल्या. पारा एकशे ऐंशीच्या आसपास ठोके ऐकवायला लागला. दुसरा दंड घेतला, तेच. साठीच्या माणसाचा असता तर मी त्याला सरळ आयसीयूत पाठवलं असतं. आणि हे पोर समोर बसून हलता दात जिभेनं ढकलत होतं.

"डोकं दुखतं का रे तुझं?"

"रोज. सकाळी उठलो का दुखते."

"उन्हात खेळते ना," नरेश मध्येच म्हणाला.

"घरात अजून कोणाला असं होतं? लवकर वाढलेलं, लवकर मिशी आलेली?"

"कोणालेच नाही." नरेशचं उत्तर फार लवकर आलं. वर्षा फरशीकडे पाहत होती.

सुधाकर हात धुवायच्या तयारीत होता. मी म्हटलं, केस रद्द. तो उसळला. "कशाला घाबरवतेस? टेबल लागलंय, सगळे थांबलेत." मी म्हटलं, "एकदा स्वतः बीपी घे, मग बोल." तो तणतणत गेला, आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "याला आपण टेबलावर घेणार होतो," एवढंच म्हणाला. मग स्वतःच बापासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आज होणार नाही. आधी हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवा, आत्ताच्या आत्ता, चिठ्ठी देतो."

नरेश असा भडकला की कॉरिडॉरमधले पेशंट उठून उभे राहिले. "मले आजच काढून पाहिजे! आज म्हणजे आज! दाखवू-बिखवू नका सांगू. तुमाले जमत नसन तं सांगा, नागपुरात दवाखान्याले काय कमी आहे?"

मला वाटलं, लोकलाजेसाठी चाललंय हे. मी त्याला सुनावलं, "लोक हसतात म्हणून पोराचा जीव घेता का?" तो माझ्याकडे असं बघायला लागला की जणू मीच त्याच्या घरात चोरी केली होती. हर्षल घोगऱ्या आवाजात रडत होता, अगदी आठ वर्षांच्या पोरासारखा, नाक पुसत. "काढा ना मॅडम. मी नाही रडन. काढून टाका ना." वर्षानं ओढणी पुन्हा गुंडाळली, शर्टाची बटणं लावली, आणि ते तिघं निघून गेले. चिठ्ठी टेबलावरच राहिली. दुपारी फोन लावला तर बंद.

घरी आले, ताटावर बसले आणि तशीच उठले. मला ठाऊक होतं काय होणार. हा माणूस दुसऱ्या नर्सिंग होममध्ये जाणार, काउंटरवर पुन्हा चौदा सांगणार. एखादी सिस्टर पुन्हा मशीनला दोष देणार. आणि आमच्यातलाच कोणीतरी, घाईत असलेला, बॅग टाकून पळत आलेला, त्याला भूल देणार. इतका बीपी असलेल्या मुलाला भूल दिली की मेंदूतली शीर फुटू शकते, नाहीतर मध्येच सगळं कोसळून हृदय थांबू शकतं. आणि कोणाला कळणारही नाही का थांबलं.

आमच्या फिरत्या लोकांचा मोबाइलवर एक गट आहे. कोणाला सुट्टी हवी असली, कोणाचं यंत्र अडलं, तिथं टाकतात. पण पोराचं नाव तिथं लिहिणं मला पटेना. मग मी एकेकाला फोन केले. संध्याकाळ त्यातच गेली. "उमरेडचा मुलगा येईल, छाती वाढलेला. चौदा सांगतील. तोंड उघडून बघा. दुधाचे दात दिसले तर हात लावू नका आणि मला फोन करा." काही जण हसले. एक म्हणाला, "मॅडम, आम्ही तुमच्यासारखे दात मोजत बसलो तर दिवसाला एकच केस होईल." मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी रश्मीचा फोन आला. रश्मी माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, माझ्याच हाताखाली शिकलेली. सक्करदऱ्याकडच्या एका दवाखान्यातून बोलत होती. "मॅडम, तुमचा पोरगा इथं आहे. चौदा म्हणून सांगतायत. दुधाचे दात आहेत. बीपी कालच्याहून जास्त आहे."

मी ॲक्टिवा कशी चालवली मला आठवत नाही. गेले तेव्हा नरेश बाकावर बसला होता. मला पाहिलं आणि उभा राहिला. वाटलं आता हात उचलतो की काय. पण त्यानं हात जोडले.

"मॅडम, तुमच्या पाया पडतो. होऊ द्या हे. काहून आड येता आमच्या?"

"नरेशभाऊ, तो मरेल."

"नाही केलं तं मरन तो!" तो ओरडला.

तेव्हा वर्षा बोलली. आदल्या दिवसापासून तिचा आवाज मी दोनतीनदाच ऐकला असेल. ती नवऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघत बोलली. "तुमी काल विचारलं ना मॅडम, घरात कोणाले होतं काय. होतं. याच्या मोठ्या भावाले होतं. तेजस त्याचं नाव. तोही असाच, पाच वर्षांचा होता तं दहाचा दिसे. हे त्याले खांद्यावर घेऊन साऱ्या उमरेडात फिरवत, माहा पहेलवान, माहा पहेलवान म्हणून. लग्नात लोकाइले त्याचे दंड दाखवत. मंग त्याचा आवाज फुटला. छाती वाढली. डोकं दुखे. डॉक्टरनं डोळे तपासून चष्मा देल्ला. दहाचा झाला आणि एक दिवस दुपारी शाळेतून आला, म्हणे आई, लय दुखून राहिलं, उलटी झाली आणि पडला. नागपूरले आणलं. डॉक्टर म्हणे डोक्यातली शीर फुटली. लोक म्हणे नजर लागली. आणि आमाले वाटलं, ते छातीतलंच डोक्यात चढलं."

आता सगळं उलगडत होतं आणि प्रत्येक गोष्ट आधीच्यापेक्षा वाईट होती.

"याचाही आवाज फुटला ना मॅडम, सहा वर्षांचा होता," वर्षा म्हणाली, "तवाच मले समजलं. रात्री मी त्याच्या छातीवर हात ठेवून झोपतो. यंदा गाठ लागली हाताले. हे म्हणे, डोक्यात चढाच्या आंधी काढून टाकू. माहा एक गेला, दुसरा नाही जाऊ द्यायचा."

आणि मी या माणसाला काल काय म्हणाले होते? लोक हसतात म्हणून जीव घेता का. अरे देवा! तो पोराला वाचवायला घेऊन फिरत होता, आणि त्याच पायी त्याला मारायला निघाला होता.

मी त्याच्या शेजारी बाकावर बसले. म्हटलं, "नरेशभाऊ, तेजसचा बीपी कोणी मोजला होता का?"

"लहान पोट्ट्याचा बीपी कोण मोजते?" तो म्हणाला. अगदी मंदाताईंसारखं.

"ऐका. छातीतलं डोक्यात चढत नाही. छाती वेगळी, डोकं वेगळं. पण दोन्ही एकाच ठिकाणाहून येतं, आणि ती जागा पोटात, पाठीच्या बाजूला आहे. छाती कापून ते थांबणार नाही. गोळीनं थांबेल."

"गोळीनं?" त्याचा विश्वास बसेना. "नुसत्या गोळीनं?"

त्याच दिवशी रश्मी आणि मी त्यांना हार्मोनच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. रक्त गेलं, तपासण्या आल्या, आणि आमचा अंदाज खरा ठरला. ते काय असतं ते साधं करून सांगते. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक छोटी ग्रंथी असते, ॲड्रिनल. ती कॉर्टिसोल नावाचं रसायन बनवते. ताप, जखम, ऑपरेशन, कुठलंही संकट आलं की शरीर त्याच्या जोरावर तग धरतं. काही मुलांत ते बनवायची एक पायरी जन्मापासूनच मोडकी असते. कॉर्टिसोल बनत नाही, मेंदू मात्र ग्रंथीला हाकत राहतो, अजून बनव, अजून बनव. पाटाचं दार बंद असलं आणि वरून पाणी सोडतच राहिलं, तर ते शेजारच्या वावरात घुसणारच. इथंही तेच होतं. अडलेला माल एकीकडे पुरुषी हार्मोन बनतो, म्हणून पाचव्या-सहाव्या वर्षी मिसरूड आणि पहेलवानी अंग. दुसरीकडे मीठ धरून ठेवणारं रसायन साचतं, म्हणून बीपी. आणि जास्तीच्या पुरुषी हार्मोनातलं थोडं शरीर आपणच बायकी हार्मोनमध्ये बदलून टाकतं, म्हणून छाती. उपाय म्हणजे जे बनत नाही ते रोज गोळीनं द्यायचं. मेंदू शांत होतो, बाकीचंही शांत होतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुमचं दोघांचं लग्नाआधी नातं होतं का?"

"हे माह्या आत्याचेच पोरगे," वर्षा म्हणाली. आपल्याकडे मामाची पोरगी करून आणणं म्हणजे किती कौतुकाची गोष्ट! नरेशला मात्र ते लगेच समजलं. "म्हणजे मीच देल्लं त्याइले?"

"दोघांनी दिलं," त्या म्हणाल्या. "एकट्याकडून आलं असतं तर काही झालं नसतं. आणि तुम्हाला ठाऊक नव्हतं."

मग नरेशनं विचारलं, "तेजसले ही गोळी देल्ली असती तं?"

त्या बाई तरुण होत्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खरं ते सांगितलं. खोटं बोलण्याची ती वेळ नव्हती. नरेशनं मान हलवली, उठला, बाहेर गेला, आणि जिन्यात बसून राहिला. वर्षा पोराजवळच थांबली.

हर्षलला काही दिवस भरती केलं. बीपी उतरायला लागला. एक दिवस सकाळी भेटायला गेले तर तो म्हणाला, "मॅडम, आज डोकं नाही दुखलं." वर्षा त्याच्यासाठी चहा ओतत होती, तिनं त्याला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. आठ वर्षांच्या पोराचं डोकं दुखलं नाही, ही या घरातली केवढी मोठी बातमी!

सगळंच परत आलं असं नाही. फुटलेला आवाज तसाच राहिला. आणि हाडं. लवकर वाढलेली हाडं लवकर बंद होतात, हे त्यांना आधीच सांगितलं होतं. तिसरीत जो वर्गातला सगळ्यात उंच होता, तो सातवीत मधल्या रांगेत आणि नववीत पहिल्या रांगेत आला. दोन वर्षं आधी कोणी दंडाला पट्टा बांधला असता तर बरीच उंची वाचली असती. आणि चार वर्षं आधी कोणी तेजसच्या दंडाला बांधला असता तर? हा विचार मी करायला घेतला की माझा पारा चढतो, म्हणून करत नाही. मंदाताई मात्र त्यानंतर दिसेल त्या पोराचा बीपी मोजायच्या. खोकला घेऊन आलेल्याचाही. सुधाकर चिडवायचा त्यांना. त्या ऐकायच्या नाहीत.

छातीची सूज पुष्कळ कमी झाली, पण एक गाठ राहिली ती राहिलीच. मोठा झाल्यावर हर्षल स्वतःच म्हणाला, काढायची. आता धोका नव्हता. बीपी ताब्यात होता, आणि ऑपरेशनच्या वेळी लागणारं जादा औषध कसं द्यायचं ते ठरलेलं होतं. मी तोवर काम थांबवलं होतं. हात थरथरायच्या आधी थांबावं, अशा मताची मी. पण वर्षाचा फोन आला. "भूल तुमीच द्या ना मॅडम." म्हटलं, "रश्मी देईल. मी त्याच्या उशाशी उभी राहीन." सुधाकरनंच केलं ऑपरेशन, त्याच दवाखान्यात.

त्याच खोलीत, बहुधा त्याच कॉटवर हर्षल बसला होता. मिसरूड आता रीतसर काढलेलं. उंची जवळजवळ तेवढीच, जेवढी तेव्हा होती. ओढणी नव्हती, टी-शर्ट होता. रश्मीनं त्याचा बीपी घेतला, आकडा मोठ्यानं म्हणाली, मुद्दाम, मला ऐकू जावा म्हणून. मी टॉर्च घेतला. सवय जात नाही. "आ कर." सगळे दात पक्के, एकही हलत नव्हता.

नरेश आणि वर्षा दारात उभे होते. भूल द्यायच्या आधी नाव आणि वय पेशंटच्या तोंडून ऐकायचं असतं.

"नाव सांग."

"हर्षल."

"वय किती?"

तो हसला. "खरं सांगू का एसटीतलं?"

"खरं सांग."

"चौदा."

नरेशनं भिंतीकडे तोंड फिरवलं. खांदे हलायला लागले त्याचे. त्या घरात याआधी कोणी पोरगा चौदाचा झालाच नव्हता.

वर्षानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "रडता काहून? आता तं खरं सांगून राहिला ना तो."